‘तुमचं बक्षीस वर आहे’ म्हणजे नेमकं काय? बुटीबोरीच्या एका भावाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे बंधू बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. चलनावर पाच टन आणि काट्यावर पावणेपाच असा माल आला की वरून फोन येतो, "सही मारून दे." ते मारत नाहीत. यंदा बढती मिळाली ती त्यांच्याच हाताखाली काम शिकलेल्या पोराला. त्यानं सह्या मारल्या आणि नागपूरजवळ बेशाला प्लॉटही घेतला. घरी पत्नी विचारते, "तुमच्या इमानदारीनं सिलिंडर येते का?" मंडळीत जो तो म्हणतो, "भाऊ, तुमचं बक्षीस वर आहे." दुसरीकडे त्यांचे मामा. जन्मभर दारू, मामींना मारहाण. शेवटच्या महिन्यात मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात त्यांनी प्रभूला स्वीकारलं आणि अंत्यविधीला पाळकांनी जाहीर केलं की ते गौरवात गेले. बंधू विचारतात, मामांनाही तेच आणि मलाही तेच, तर मी कशाला मरमर करू? फरक असेल तर तो काय? की गरिबाची बोळवण करायची ही जुनी रीत आहे? शिवाय आठवीतली लेक विचारते, "बाबा, तुम्हाला स्वर्गात मोठं घर मिळणार का?" तिला काय सांगू?

सलाम, भाऊ. नागपुरात पाळकपणा करता करता माझे केस पांढरे झाले. हिंगणा-बुटीबोरीच्या कंपन्यांत राबणारी माणसं माझ्या मंडळीत कायम होती, त्यामुळे सही मारण्याचा प्रकार मला नवा नाही. तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. तारण, म्हणजे पापातून सुटका, कशानं होतं ही पहिली, बक्षीस म्हणजे काय ही दुसरी. या दोन्हींवर शास्त्रातून बोलता येतं. घोडं पेंड खातं ते तिसरीपाशी. तुमच्यावर अन्याय झालाय आणि त्याला अन्याय म्हणायला कोणी तयार नाही. ‘बक्षीस वर आहे’ हे वाक्य तुम्हाला धीर देत नाही, गप्प बसवतं. म्हणून मी उलटीकडून, तिसरीपासून सुरुवात करतो.

बायबलमध्ये प्रेषित पौलानं कलस्सैकरांना लिहिलं की जे काही कराल ते जिवेभावे, प्रभूसाठी म्हणून करा, तुम्हाला वतनाचं प्रतिफळ मिळेल. हे वचन नोकरी करणाऱ्यांना ऐकवायची आपल्याकडे फार हौस आहे. पण तिथं तो बोलतोय गुलामांशी. रोमन कायद्यात गुलामाच्या स्वतःच्या नावावर काही नसायचं, वतन तर दूरच. अशा माणसांना तो सांगतो की तुम्ही वारस आहात. आणि लगेच पुढं तो मालकांकडे वळतो: दासांशी न्यायानं आणि समतेनं वागा, तुमचाही धनी वर आहे. ही दुसरी ओळ मंडळीत वाचली जाते तेव्हा कंपनीचे मालक सहसा बाकावर नसतात, म्हणून आपण ती भरभर वाचून पुढं जातो. याकोब तर त्याच्या पत्रात याहून कडक आहे. पाचव्या अध्यायात तो म्हणतो की शेत कापणाऱ्यांची मजुरी तुम्ही अडकवून ठेवलीत, ती मजुरीच ओरडते आहे आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी गेलंय. ‘मजुरांनो, तुम्हाला वर मिळेल’ असं तो म्हणत नाही. जे इथं द्यायचं ते इथं दिलं नाही, हा त्याचा आरोप आहे. स्वर्गातल्या बक्षिसाचं वचन इथल्या हक्काच्या बदल्यात दिलेलं नाही. बढती तुमची होती असं वाटत असेल तर ती मागा. लेखी मागा, कारण विचारा. त्यात अविश्वास नाही.

आता स्टोअरमधलं. तुम्ही काय करावं हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. घरावर कर्ज किती, वहिनी कमावतात का, तुमचं वय काय, वरचा माणूस स्वतः खातो की त्याला नुसती लाइन बंद पडायची भीती आहे, हे मला ठाऊक नाही. शेवटच्या मुद्द्यानं खूप फरक पडतो. कधीकधी पुरवठादाराची उरलेली पाव टन खेप खरंच पुढच्या गाडीला येणार असते आणि साहेबाला कागद आजच पूर्ण हवा असतो. ती घाई झाली, चोरी नव्हे. अशा वेळी जेवढं उतरलं तेवढ्याचा जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करा, शॉर्ट दाखवा आणि बाकी माल नव्या चलनावर येऊ द्या. साहेबाचं काम होतं, तुमचंही. पण दर खेपेला तेवढाच माल कमी येत असेल आणि दिवाळीला पाकिटं फिरत असतील, तर ते दुकान चालू आहे असं समजा. तिथं काट्याची पावती जीआरएनला जोडायची, एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवायची आणि एका ओळीचा मेल टाकायचा: काट्यावर अमुक वजन भरलं, त्याप्रमाणे नोंद केली आहे. त्या मेलमध्ये वचन घालू नका. नीतिसूत्रांत खोट्या काट्याचा परमेश्वराला वीट येतो असं म्हटलंय, ते तुम्हाला ठाऊक आहे, साहेबाला ते मेलमधून कळायची गरज नाही. माझ्या मंडळीतले एक गृहस्थ असेच खरे होते, पण दर दोन वाक्यांमागे ‘मी ख्रिस्ती आहे, मी खात नाही’ म्हणायचे. ऑडिट आलं तेव्हा त्यांच्या बाजूनं कोणी बोललं नाही. त्यांच्या खरेपणाचं कोणाला वावडं नव्हतं, लोक त्या तोऱ्याला कंटाळले होते. आणि दुसरी नोकरी बघायची वेळ आली तर बघा. जागा सोडणं म्हणजे हार असं शास्त्रात कुठं नाही.

वहिनींच्या सिलिंडरच्या वाक्यावर तुम्ही रागावलेले दिसता. मी त्यांच्या बाजूनं आहे. सही न मारण्याचा निर्णय तुम्ही घेतलात, त्याचा हप्ता त्या महिन्याच्या महिन्याला भरताहेत आणि त्यांना कोणी विचारलंही नाही. मंडळीत ‘बक्षीस वर आहे’ म्हणणारे तुमचं नाव घेतात, त्यांचं घेतात का? एखाद्या रविवारी उपासनेनंतर घरी बसून पगार, कर्ज, फी हे सगळं कागदावर मांडा आणि हा खरेपणा दोघांनी मिळून किती दिवस, कसा परवडवायचा ते ठरवा. याकोबाच्या भाषेत हेही विश्वासाचं कृत्यच आहे. आपण ते संसारात टाकतो, एवढंच.

आता मामा. तारणाबद्दल उत्तर सरळ आहे: ते कृपेनं आहे, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही. इफिसकरांच्या दुसऱ्या अध्यायात ते इतकं उघड लिहिलंय की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराजवळ एकही सत्कर्म नव्हतं, तरी त्याला ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असं ऐकायला मिळालं. तेव्हा मामा गेले असतील तर त्याच दारानं, आणि तुम्ही-मीही जाणार ते त्याच दारानं. तुमच्या पंधरा-वीस वर्षांच्या जीआरएनांचा गठ्ठा त्या दाराशी दाखवायला चालत नाही. हे ऐकायला कडू आहे, पण सुवार्ता म्हणतात ती हीच.

अंत्यविधीला तुमच्या पाळकांनी जे जाहीर केलं, त्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. माझा रिवाज असा की अशा वेळी मी प्रभूचं वचन सांगतो, प्रमाणपत्र देत नाही. कोणाच्या अंतःकरणात शेवटी काय झालं हे त्याचं तो जाणे. शिवाय समोर पहिल्या रांगेत मामी बसलेल्या असतात. जिच्या दंडावर अजून वळ आहेत तिच्यापुढे ‘गौरवात गेले’ म्हणून मोकळं व्हायचं, यात दया आहे असं मला वाटत नाही. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयानं पश्चात्ताप केला तेव्हा त्याच्यापाशी आयुष्य उरलं होतं, म्हणून तो चौपट परत करतो म्हणाला. चोराला तो वेळच मिळाला नाही. मामांनाही फारसा मिळाला नाही, तर त्यांचं उरलेलं देणं मामींच्या औषधपाण्याच्या रूपानं आता घरातल्यांनी फेडायला हरकत काय? क्षमा झाली म्हणजे झालेलं पुसलं जात नाही.

‘मामांनाही तेच आणि मलाही तेच’ हा तुमचा सल प्रभूला अगदी ठाऊक होता. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात शिष्य पेत्र सरळ विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळेल? प्रभू त्याला स्वार्थी म्हणत नाही. शंभरपट मिळेल म्हणून उत्तर देतो. आणि लगेच पुढं, विसाव्या अध्यायात, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला सांगतो. पहाटे आलेल्याला एक दीनार, दिवस मावळायला तास उरला असताना आलेल्यालाही एक दीनार. दीनार म्हणजे त्या काळची दिवसाची मजुरी. नागपुरात सकाळी मजूर नाक्यांवर उभे असतात. तिथं अकरापर्यंत ज्याला कोणी नेत नाही त्याचा चेहरा तुम्ही पाहिला असेल. त्या दाखल्यात उशिरा आलेला माणूस आळशी नाही. त्याला कोणी कामावर लावलं नाही, असं तो स्वतःच सांगतो. आणि पहाटेच्या मजुराचं काही बुडालेलं नाही, ठरलेलं त्याला पूर्ण मिळालंय. दुसऱ्याच्या तळहाताकडे बघितल्यावर मात्र त्याला आपला दीनार खोटा वाटू लागला. तुमच्या प्रश्नात मला थोडं तेच दिसतं. बेशाच्या प्लॉटकडे बघून आणि मामांच्या शवपेटीकडे बघून तुम्ही एकच हिशेब दोनदा केलाय.

मग सगळ्यांना सारखंच का? नाही. इथंच बक्षिसाचा मुद्दा येतो, आणि यावर ख्रिस्ती लोकांत एकमत नाही, हे आधीच सांगतो. याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, उभी राहिली. त्यात अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, मेथडिस्ट होते. बक्षिसावरचे त्यांचे संदेश तेव्हाही सारखे नव्हते, आजही नसतात. रोमन कॅथलिक मंडळी पुण्याईची भाषा वापरते. १५४७ साली तिच्या त्रेंतच्या परिषदेनं ती ठरवून मांडली, पण तिथंही सुरुवात कृपेपासूनच आहे. आणि जुन्या मंडळीतला मोठा शिक्षक ऑगस्टीन तर त्याच्या हजारेक वर्षं आधी म्हणून गेला की देव आपल्या सत्कर्मांना मुकुट घालतो म्हणजे स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालतो. मी आयुष्यभर जे शिकवलं ते असं.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पाया एकच आहे, ख्रिस्त. त्यावर कोणी सोन्यानं बांधतो, कोणी रुप्यानं, कोणी गवत-पेंढ्यानं. न्यायाच्या त्या दिवशी अग्नी प्रत्येकाचं काम पारखेल. ज्याचं टिकेल त्याला वेतन मिळेल. ज्याचं जळेल त्याचं नुकसान होईल, पण तो स्वतः तरेल, आगीतून निघावं तसा. पौल तिथं मुळात मंडळी उभारणाऱ्या सेवकांबद्दल, स्वतःबद्दल आणि अपुल्लोसाबद्दल बोलतोय. तेव्हा ते स्टोअर कीपरला लावताना जरा सबुरीनं लावावं. तरी तत्त्व साफ आहे: तारण एक, कामाची पारख वेगळी. मामा तरले असतील, पण त्यांच्या आयुष्याचं बरंचसं बांधकाम जळालेलं असेल, आणि ते नुकसान खरं आहे.

टिकणाऱ्या कामाचं मोजमाप कसं होतं, हे मत्तय २५ मधल्या तालांतांच्या दाखल्यात आहे. तालांत ही तेव्हाची मोठी रक्कम, आणि धनी ती आपल्या तीन दासांकडे सोपवून जातो. पाच तालांतवाल्यानं पाच मिळवले, दोनवाल्यानं दोन. धनी दोघांना काय म्हणतो ते २१ आणि २३ या ओवी शेजारी शेजारी ठेवून वाचा. शब्दाला शब्द सारखा: शाबास, भल्या व विश्वासू दासा. दोनवाल्याला कमी शाबासकी नाही. जे हातात ठेवलं होतं त्याचं काय केलंस, एवढंच विचारलं जातं. एक तालांत म्हणजे मजुराची वीसेक वर्षांची कमाई होती म्हणतात, तेव्हा ज्या तिसऱ्या दासानं आपला एक जमिनीत पुरला त्याच्याही हातात काही चिल्लर नव्हती. कन्व्हेन्शनमध्ये एका संदेशकानं सांगितलं होतं की किती आत्मे जिंकाल त्यावर मुकुटातली रत्नं ठरतात. असा भाव शास्त्रात कुठंही लावलेला नाही. मुकुटांचे उल्लेख आहेत: धावणाऱ्याचा अक्षय मुकुट, परीक्षेत टिकणाऱ्याला जीवनाचा मुकुट, कळप राखणाऱ्या वडिलांना गौरवाचा मुकुट. पण प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायात ते चोवीस वडील आपापले मुकुट काढून राजासनापुढे टाकतात. ज्याला मुकुट घालून मिरवायचंय त्यानं तो अध्याय वाचू नये.

आणि बक्षीस असतं तरी काय? दाखल्यात दोनच गोष्टी आहेत: पुष्कळांवर नेमणूक, म्हणजे आणखी काम, आणि धन्याच्या सुखात सहभाग. प्लॉट नाही, बंगला नाही. काटोलकडे एखाद्याची संत्र्याची बाग असते. मुलगा लहानपणापासून बापाबरोबर आळी करतो, बहार धरतो, रात्री पाणी द्यायला उठतो. पुढं बाग त्याच्याकडे येते. तिला कोणी मजुरी म्हणत नाही, ती वारशानंच येते. शहरात राहिलेल्या भावालाही हिस्सा मिळतोच. पण कोणतं झाड कधी लावलं, कोणत्या साली गारपिटीतून काय वाचलं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या बागेत उभं राहिल्यावर जे वाटतं, ते दुसऱ्याला वाटणार नाही. स्वर्गातल्या फरकाबद्दल मला यापलीकडे सांगता येत नाही. तुम्ही खऱ्या वजनावर प्रेम करायला शिकताय. जिथं सगळंच खरं आहे तिथं तुम्ही परके नसाल. मामांना तिथली भाषा बहुधा पहिल्यापासून शिकावी लागेल.

इथं कोणाच्या लक्षात येत नाही, हा तुमचा आणखी एक सल. नागपुरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना ठाऊक आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथं आला आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून बोरीकडे परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेला. तुमच्या कारखान्यापासून ती जागा फार लांब नाही. पुढं १८८३ साली कॉलेज निघालं, त्याला त्याचं नाव मिळालं. उलट कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट घ्या, ज्यांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्याशी आपुलकीनं गप्पा मारल्या आणि नवा करार हातात ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाचं नाव टिळकांना कळलं नाही, असं सांगतात. त्याच्या नावाचं कॉलेज नाही, पाटी नाही. त्याचं काम हिस्लॉपपेक्षा हलकं होतं का?

आमच्या मंडळीत एक आजी होत्या. प्रभुभोजन झालं की सगळे पटांगणात चहाला जायचे आणि त्या वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, ते छोटे पेले धुवायला बसायच्या. द्राक्षरस तळाशी वाळला की नुसत्या पाण्यानं निघत नाही, म्हणून बोटाला कापड गुंडाळून एकेक पेला आतून पुसायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या आणि डाग दिसला की पुन्हा पुसायच्या. एकदा मी म्हटलं, "आजी, याचं तुम्हाला मोठं प्रतिफळ आहे." त्या म्हणाल्या, "कायचं?" त्यांना मी कशाबद्दल बोलतोय तेच कळलं नव्हतं. मत्तय २५ च्या शेवटी राजाच्या उजवीकडचे लोक असंच विचारतात: प्रभू, आम्ही तुला कधी खायला दिलं? त्यांच्याकडे वही नव्हती.

म्हणून बक्षिसाच्या आशेनं काम करणं स्वार्थ आहे का, असा प्रश्न कोणी विचारला तर मी दोन्हीकडून सांगतो. आशा धरणं पाप नाही. इब्रीकरांच्या पत्रात मोशेची दृष्टी प्रतिफळावर होती असं कौतुकानं लिहिलंय, आणि देव त्याला शोधणाऱ्यांना प्रतिफळ देतो हा तर तिथं विश्वासाचाच भाग धरलाय. पण मत्तय सहामध्ये प्रभू इशारा देतो की लोकांनी पाहावं म्हणून जे दान करतात, त्यांना त्यांचं मिळून चुकलं. भाऊ, स्टोअरमध्ये सही नाकारल्यावर घरी, मंडळीत आणि मित्रांत ती गोष्ट आपण किती वेळा सांगतो, हे एकदा तपासून बघा. सांगूच नये असं माझं म्हणणं नाही. मन मोकळं करायला एक माणूस हवाच. पण दर रविवारी सांगायला लागलो तर ‘भाऊ, तुमचं वर आहे’ हे शब्दच आपला पगार होऊन बसतात.

राहिली लेक. तिला योहान १४ वाचून दाखवा. तिथं प्रभू पित्याच्या घराबद्दल बोलतो. घर एकच आहे आणि त्यात राहायच्या जागा पुष्कळ आहेत. ‘बाबांना मोठं घर’ असं तिथं काही नाही, आणि ते तिला तसंच सांगायला हरकत नाही. आठवीतल्या मुलीला एवढं कळतं. पण तिचा प्रश्न घराबद्दल नसावा. बढती हुकल्याचं तिनं भिंतीआडून ऐकलं असेल आणि बाबांना कुठंतरी काहीतरी मिळावं असं तिला वाटत असेल. तेव्हा काय घडलं ते तिला सरळ सांगा: गाडीत माल किती होता, कागदावर किती लिहायला सांगितलं, तुम्ही काय लिहिलं आणि त्याचं पुढं काय झालं. आणि ते सांगताना आई घरात असू द्या, म्हणजे तिची बाजूही पोरीला त्याच वेळी ऐकायला मिळेल.